अमेरिकेच्या दक्षिणेतला कॉर्नब्रेड घरी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेनेसीत राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींनी फडक्यात गुंडाळून गरम कॉर्नब्रेड आणून दिला. मी तो पालकाच्या पातळ भाजीबरोबर खाल्ला आणि दुसऱ्याच दिवशी शिकायला त्यांच्या ओट्याशी जाऊन उभी राहिले. तेव्हापासून आमच्या घरी तो आठवड्यातून एकदा तरी होतोच. साताऱ्याची बहीण, नाशिकच्या मैत्रिणी आणि इकडे शिकायला आलेली मुलं मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

कॉर्नब्रेड म्हणजे केक की पाव?

दोन्ही नाही. मक्याचं भरड पीठ ताकात कालवायचं, तापलेल्या बिडाच्या भांड्यात ओतायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. मळणं नाही, यीस्ट नाही, रात्रभर आंबवणं नाही. वरून खरपूस, आतून मऊ आणि किंचित रवाळ असा जाड गोल तयार होतो आणि त्याचे त्रिकोणी तुकडे करून वाढतात. जेवणात त्याची जागा आपल्याकडे भाकरीची आहे तीच. उसळ, पालेभाजी, रस्सा यांच्याबरोबर तो खायचा असतो. चहाबरोबरचा गोड पदार्थ समजून करायला गेलात तर पहिल्या घासाला निराशा होईल.

हा पदार्थ मुळात कुणाचा?

मका अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. आज ज्याला दक्षिण म्हणतात त्या टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या भागांत चेरोकी, चॉक्टॉ, चिकासॉ, मस्कोगी हे लोक मका पिकवत, कुटत आणि त्याच्या भाकऱ्या भाजत. युरोपातून आलेल्यांनी तो त्यांच्याकडून घेतला. इथल्या दमट उन्हाळ्यात गहू नीट येत नसे, मका मात्र जोमाने वाढे.

पण या पदार्थाला आजची चव आणणारे हात बरेचसे गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली छापलेल्या आत्मकथनात मेरीलँडमधल्या मळ्यावरचा एका माणसाचा महिन्याचा शिधा लिहून ठेवला आहे : आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढेच मासे, आणि एक बुशेल, म्हणजे साधारण ३५ लिटरच्या मापाएवढं, मक्याचं पीठ. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. बाकी सगळी भूक मक्यावर भागवायची. त्या पिठात नुसतं पाणी आणि मीठ घालून चुलीवर भाजलेल्या भाकऱ्यांपासून मालकाच्या टेबलावरच्या अंडी-ताक घातलेल्या कॉर्नब्रेडपर्यंत सगळं रांधणारे हात त्याच माणसांचे होते.

साखर घालायची की नाही?

यावर इथे घराघरांत वाद होतात. ढोबळमानाने उत्तरेकडचा कॉर्नब्रेड पिवळ्या पिठाचा, अर्धा मैदा घातलेला आणि गोड. दक्षिणेकडचा बहुधा पांढऱ्या पिठाचा, मैदा नाही किंवा अगदी थोडा, आणि साखर नाही. मात्र दक्षिणेतल्याच अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांत थोडी साखर घालायची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तेव्हा साखर घालणारा तो दक्षिणेचा नव्हेच, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

माझं मत विचाराल तर साखर नको. जात्यावरच्या पिठात मक्याचा अंकुर असतो, त्यात तेल असतं आणि चवही असते. पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, अंकुर आणि कोंडा वेगळा काढला जाऊ लागला, पीठ महिनोन्‌महिने टिकायला लागलं आणि चव सपाट झाली. साखर तिथूनच शिरली, असं इथले पुष्कळ जुने स्वयंपाकी मानतात. पीठ चांगलं असेल तर मक्याची अंगची गोडी पुरते. अगदीच हवी असेल तर एक मोठा चमचा, त्याहून जास्त नको.

भारतात कोणतं पीठ घ्यायचं? कॉर्नफ्लोअर चालेल का?

कॉर्नफ्लोअर अजिबात चालणार नाही. सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. आपल्या दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून जी पांढरीशुभ्र, बोटांत कुरकुरणारी पूड मिळते ती मक्याचा निव्वळ स्टार्च असते, सूप घट्ट करायची. माझ्या बहिणीने पहिल्यांदा तीच वापरली आणि दोन अंडी, पाव वाटी तूप खर्चून हाती आला तो रबरासारखा गोळा. फोनवर तिचा आवाज ऐकून मलाच वाईट वाटलं, कारण पिठाचं नाव मी नीट सांगितलं नव्हतं.

हवं ते मक्याचं पीठ, म्हणजे अख्खा वाळलेला मका दळलेला. बाजारात ‘मक्की का आटा’ म्हणून मिळतं ते चालतं, पण फार बारीक असतं. त्याचे दोन भाग आणि उपम्यासाठी मिळणाऱ्या मक्याच्या रव्याचा एक भाग असं मिसळलं की पोत छान जमतो. सर्वात उत्तम म्हणजे वाळलेला मका निवडून गिरणीतून भरडसर दळून आणायचा, बारीक रव्याइतका. संभाजीनगर, जळगाव, नाशिक या भागांत मका भरपूर पिकतो, पण त्यातला पुष्कळसा कोंबड्यांच्या खाद्याला जातो. तो मका आणू नका. साठवणीत ओल लागून मक्याला बुरशी धरते आणि ती बुरशी घातक असते. खाण्यासाठी म्हणून विकलेला, स्वच्छ, वास न येणारा दाणाच घ्या. स्वीट कॉर्नचे दाणे वाटून हे पीठ होत नाही, तो मका वेगळा.

ताजं दळलेलं पीठ अंकुरातल्या तेलामुळे लवकर खवट होतं. ते फ्रिजमध्ये ठेवा, महिन्याहून जास्त ठेवायचं असेल तर फ्रीझरमध्ये.

प्रमाण सांगा.

दहा इंची, म्हणजे साधारण २५ सेंटीमीटरच्या भांड्यासाठी :

मक्याचं पीठ २ कप (२८० ते ३०० ग्रॅम), मीठ १ लहान चमचा, बेकिंग पावडर २ लहान चमचे, खायचा सोडा अर्धा लहान चमचा, अंडी २, घट्टसर आंबट ताक पावणेदोन कप, तूप किंवा तेल ४ मोठे चमचे. कप २४० मिलीचा.

ओव्हन २२० ते २३० अंश सेल्सियसवर लावा आणि रिकामं बिडाचं भांडं आतच ठेवून तापू द्या. पीठ आणि मीठ ताकात कालवून दहा मिनिटं ठेवा, म्हणजे भरड कण भिजतात. भांडं तापलं की त्यात तूप घाला, फिरवून सगळ्या कडांना लावा. भिजलेल्या पिठात फेटलेली अंडी, सोडा, पावडर घालून भराभर ढवळा. भांड्यातलं बरंचसं गरम तूप या पिठात ओता, एक चमचाभर भांड्यातच राहू द्या. पीठ भज्यांच्या पिठाहून सैल आणि धिरड्याच्या पिठाहून घट्ट हवं. ताजं पीठ जास्त ताक पितं, तेव्हा गरज वाटली तर पाव कप आणखी घाला.

आता ओता. चर्र आवाज आला पाहिजे आणि कडेला लगेच बुडबुडे दिसले पाहिजेत. आवाज आला नाही तर भांडं पुरेसं तापलं नव्हतं. २० ते २५ मिनिटांत वरचा भाग सोनेरी होतो आणि कडा भांड्यापासून सुटतात. मधोमध सुरी खुपसून पाहा, कोरडी आली की बाहेर काढा आणि लगेच ताटात उपडा करा. भांड्यातच राहिला तर वाफेने खालचा पापुद्रा मऊ पडतो.

बिडाचं भांडं लागतंच का?

जाड बुडाचा केकचा डबा चालेल, पण खालचा खरपूस पापुद्रा तसा येणार नाही. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की थंड पीठ ओतलं तरी उष्णता सोडत नाही. ज्यांच्या घरी आंबोळ्या-घावनांचा जुना बिडाचा तवा आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. तवा मात्र उथळ पडतो, त्यापेक्षा सपाट बुडाची, दोन इंच उंच काठाची बिडाची कढई घ्या. मूठ आणि कान ओव्हनमध्ये जळत नाहीत ना, ते पाहून घ्या.

टेनेसीतल्या साऊथ पिट्सबर्ग या छोट्या गावात १८९६ पासून बिडाची भांडी ओतली जातात, लॉज हे नाव इथे घराघरांत माहीत आहे. त्याच गावात १९९७ पासून दर एप्रिलमध्ये राष्ट्रीय कॉर्नब्रेड महोत्सव भरतो. शेजारच्या आजींचं भांडं त्यांच्या आईचं. आतून काळंभोर, आरशासारखं तुळतुळीत. त्या ते कधी भिजत टाकत नाहीत. गरम पाण्याने धुवून, चुलीवर कोरडं करून, तेलाचं बोट फिरवून ठेवतात. मी एकदा मदत म्हणून ते सिंकमध्ये पाण्यात ठेवलं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त उठून आल्या आणि ते पुसून घेतलं.

ताक कसं हवं? दूध चालेल का?

इकडचं बाटलीतलं बटरमिल्क घट्ट आणि आंबट असतं. आपलं जेवणानंतरचं पातळ ताक त्या जागी चालत नाही. तीन भाग आंबट दही आणि एक भाग पाणी रवीने घुसळा, बरोबर जमतं. नुसतं दूध घेतलं तर सोड्याला आंबट काही मिळत नाही. तो तसाच राहतो आणि साबणासारखी चव देतो. दूधच घ्यायचं असेल तर कपाला एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवा. चालतं, पण ताकाची खोली त्यात नाही.

सोडा आणि बेकिंग पावडर, दोन्ही कशाला?

सोडा ताकातल्या आम्लाशी लगेच फसफसतो आणि आंबटपणा थोडा मारतो. पावडरमध्ये आम्ल तिचं तिचं असतं आणि ती ओव्हनच्या उष्णतेत पुन्हा एकदा वायू सोडते. मक्याचं पीठ जड, त्याला दोघांचा हात लागतो. सोडा पडला की पीठ ठेवून देऊ नका. दक्षिणेत ‘सेल्फ रायझिंग’ मक्याचं पीठ मिळतं, त्यात पावडर आणि मीठ आधीच असतं. ते आणलं असेल तर वरून काही घालू नका.

माझा कॉर्नब्रेड भुगा होतो. काय चुकतं?

थोडा भुगा होणारच. मक्यात ग्लूटेन नाही, गव्हाच्या पिठासारखी जाळी धरणारं काही नाही. ज्वारीची भाकरी थापताना कडा का फुटतात, त्याचं कारणही हेच. फार भुगा होत असेल तर पीठ भिजायला वेळ दिला नसेल, ताक कमी पडलं असेल, किंवा पाच मिनिटं जास्त भाजलं गेलं असेल. गरम गरम कापू नका, दहा मिनिटं थांबा. तरीही जमत नसेल तर अर्धा कप पीठ कमी करून तेवढी कणीक किंवा मैदा घाला. ग्लूटेन वर्ज्य असणाऱ्यांनी अर्थातच नाही. त्यांनी गिरणीत गव्हानंतर दळलेलं मक्याचं पीठही टाळावं आणि तयार मिक्सच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचावं, बहुतेकांत गव्हाचं पीठ असतं.

मधे कच्चा राहिला तर भांडं लहान होतं किंवा ओव्हन सांगतो तेवढा तापत नाही. छोट्या ओटीजीत हे फार होतं, पाच-सात मिनिटं जास्त धरा.

अंडी न घालता होतो का?

होतो. अंडी वगळून ताकात पाव कप घट्ट दही वाढवा आणि दोन मोठे चमचे कणीक घाला. जवस भाजून, दळून एक मोठा चमचा पाण्यात भिजवून घातला तरी बांधणी येते. फुगतो कमी, चव मात्र छान लागते.

आणि अंडं, ताक, सोडा, यातलं काहीही न लागणारा दक्षिणेतलाच एक प्रकार आहे, तो तुम्हाला दाखवायलाच हवा. मक्याच्या पिठात मीठ घालायचं आणि खळखळ उकळतं पाणी ओतून चमच्याने कालवायचं. पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो, हाताला सोसवेल इतकं निवलं की लहान लहान थापट्या करून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी तळायच्या. याला ते गरम पाण्याचा कॉर्नब्रेड म्हणतात. शेजारच्या आजींनी पहिल्यांदा तो केला तेव्हा मी बघतच राहिले, कारण ही आपली उकड होती. तांदळाच्या भाकरीला काढतो तीच. मी त्यांच्या परातीतला गोळा घेतला आणि हातावर भाकरीसारखा थापला. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, तुला हे कुणी शिकवलं?

बेकनची चरबी घालतातच का?

पारंपरिक घरांत बेकन तळून उरलेली चरबी डब्यात जपून ठेवतात आणि कॉर्नब्रेडला तीच वापरतात. धुरकट, खारट चव तिच्यातून येते. जे खात नाहीत त्यांनी खुशाल साजूक तूप वापरावं. लोणी अशा तापलेल्या भांड्यात करपतं, तुपाचं तसं होत नाही. मला स्वतःला तुपाचाच आवडतो, आणि आजींनाही आवडला.

ओव्हन नाही. गॅसवर जमेल?

जमेल. जाड बिडाची कढई तापवा, तूप घाला, पीठ ओता, घट्ट झाकण ठेवा आणि आच अगदी मंद करा. वीस-पंचवीस मिनिटांत वरचा भाग कोरडा दिसू लागतो. मग ताटलीवर उलटा काढून पुन्हा कढईत सरकवा आणि झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटं दुसरी बाजू भाजा. प्रमाण निम्मं घ्या, जाड थर गॅसवर आतून शिजत नाही.

ओव्हन घरोघरी येण्याआधी इथेही चुलीतच करत. तीन पायांचं बिडाचं पातेलं निखाऱ्यांवर ठेवायचं आणि काठ असलेल्या झाकणावर वरून निखारे रचायचे. कोकणात काकडीचं धोंडस असंच वर-खाली निखारे ठेवून होत असे. गावाकडे चूल असेल तर एकदा करून पाहा.

रोज मका खाल्ला तर चालतो का?

सोबत डाळ, भाजी, दूध असेल तर काही हरकत नाही. नुसत्या मक्यावर राहणं मात्र घातक ठरतं, आणि हे दक्षिणेने फार महागात शिकलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या गरीब वस्त्यांत पेलाग्रा पसरला. कातडी भाजल्यासारखी होणं, जुलाब, शेवटी भ्रम आणि मृत्यू. तो संसर्गजन्य आहे असं समजलं जात होतं. सरकारी आरोग्य सेवेतले डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर १९१४ पासून त्यामागे लागले आणि दोष आहाराचा आहे हे त्यांनी दाखवून दिलं. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे हे होतं, हे १९३७ मध्ये स्पष्ट झालं. मक्यात नायसिन असतं, पण शरीराला न मिळणाऱ्या रूपात. मूळ रहिवासी मका राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवत, त्यामुळे ते मोकळं होई. मका घेणाऱ्यांनी ही रीत सोबत घेतली नाही.

कशाबरोबर खायचा?

कोलार्ड नावाच्या जाड पानांच्या भाजीबरोबर. ती डुकराच्या हाडासोबत तास-दीड तास शिजवतात आणि तिचं उरलेलं पाणी, ज्याला पॉट लिकर म्हणतात, कॉर्नब्रेडने टिपून खातात. १९३१ साली लुइझियाना राज्याचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटा कॉन्स्टिट्यूशन हे वृत्तपत्र यांच्यात मक्याची भाकरी या पाण्यात बुडवून खावी की कुस्करून, यावर आठवडे चाललेला जाहीर वाद झाला. लाँग बुडवणाऱ्यांतले. मी कुस्करणाऱ्यांतली.

नववर्षाच्या दिवशी चवळी, कोलार्ड आणि कॉर्नब्रेड असा बेत असतो. पालेभाजी म्हणजे नोटा, कॉर्नब्रेड म्हणजे सोनं, असं मानतात. आपल्या घरी चवळीची उसळ, लसूण घातलेली चाकवताची पातळ भाजी किंवा झणझणीत पिठलं यांच्याबरोबर फार छान जातो. वर लोण्याचा गोळा हवाच.

तयार मिक्स आणू का?

घाईच्या दिवशी आणा. मिशिगनमधून येणारं जिफी सर्वात स्वस्त आणि सर्वात परिचित, पण ते गोड आणि मैद्याचं. त्यावरून दक्षिणेचा कॉर्नब्रेड कसा असतो हे ठरवू नका.

उरला तर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो. तुकडे तुपावर तव्यात परतले की पुन्हा कुरकुरीत होतात. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधल्या सणाला मुद्दाम शिळा करून, कुस्करून, कांदा, सेलरी आणि रस्सा घालून त्याचं ड्रेसिंग भाजतात. फ्रीझरमध्ये दोन महिने राहतो.

पण आजींकडे यातलं काही होत नाही. रात्रीचा उरलेला तुकडा त्या सकाळी उंच काचेच्या पेल्यात कुस्करतात, वरून थंडगार ताक ओततात, चिमूटभर मीठ, कधी बारीक चिरलेली कांद्याची पात. मग लांब दांड्याच्या चमच्याने सावकाश खातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझी आजी आठवली. तीही सकाळी पितळीत शिळी भाकरी अशीच कुस्करून ताकात कालवायची. मी शेजारच्या आजींना म्हटलं, आमच्याकडे याला काला म्हणतात. त्यांना तो शब्द जमला. आता मी गेले की त्या दोन पेले काढतात आणि विचारतात, काला?